गाडलेली शाई : एका भेसूर अमूर्त चित्रमालिकेचे परीक्षण

शाई आणि ॲक्रिलिक रंग यांत केलेली ही २६ चित्रे मी दोनदा पाहिली, त्यांपैकी एक विकत घेतले, आणि या दोन भेटींमध्ये माझे मत बरेच बदलले. पहिल्या भेटीत ती मला हुशार वाटली होती. भेसूर चित्रांच्या बाबतीत ही स्तुती नव्हे, कारण भीती दाखवण्यातली हुशारी फार लवकर विटते. एकदा कवटी ओळखू आली की पाहणारा निर्धास्त होतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. दुसऱ्या भेटीत काही चित्रांनी मला तसे वळू दिले नाही. ती कोणती आणि का, हेच मुख्यतः येथे लिहायचे आहे.

चित्रकर्तीने एकाही चित्रावर दर्शनी बाजूस सही केलेली नाही आणि चित्रांना शीर्षकेही दिलेली नाहीत. मागच्या बाजूला फक्त क्रमांक, वर्ष आणि साधने लिहिलेली आहेत. आपले नाव बाजूला ठेवून चित्रे पाहिली जावीत असे तिचे म्हणणे असल्यामुळे मीही येथे ते देत नाही. पहिली १९ चित्रे जाड सुती कागदावर आहेत आणि हातभर उंचीची आहेत; उरलेली ७ कॅनव्हासवर असून माणसाहून उंच आहेत. सर्वांचा विषय एकच, तो म्हणजे शरीर मोडल्यानंतर जे उरते ते. पूर्ण देह मात्र कोठेही नाही. फासळ्यांसारखे काही, जबड्यासारखे काही, ओल्या कातडीसारखा पोत, आणि पुष्कळशी रिकामी जागा.

या मालिकेचे मर्म तिच्या साधनांत आहे, म्हणून आधी त्यांविषयी. शाई आणि ॲक्रिलिक ही दोन्ही माध्यमे पाण्याने हाताळली जात असली तरी त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. शाई कागदात शिरते. ॲक्रिलिक कागदावर बसते. शाईचा ओघळ एकदा कागदाच्या तंतूंत उतरला की तो मागे घेता येत नाही आणि चित्रकाराचा हात कोठे अडखळला, कोठे घाईत गेला, हे सारे तो जसेच्या तसे नोंदवून ठेवतो. ॲक्रिलिक रंगात रंगद्रव्याबरोबर प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणजे एक माध्यम चूक जपून ठेवणारे आणि दुसरे चूक झाकणारे. त्यांच्या वयातही मोठे अंतर आहे. काजळीच्या शाईने लिहिलेले ४,००० वर्षांहून जुने पपायरस आजही वाचता येतात, तर पाण्यात कालवता येणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांच्या हाती आले ते १९५०च्या दशकात.

या दोहोंचा मेळ बहुतेक जण सोपा घालतात: आधी रंगाची पार्श्वभूमी, वर शाईची रेषा. ही चित्रकर्ती उलट्या दिशेने जाते. ती आधी शाईने चित्र जवळजवळ पुरे करते आणि मग पांढऱ्या ॲक्रिलिकचे पातळ थर देऊन ते गाडत जाते. शिवाय ती दोन प्रकारची शाई वापरते, हे मला दुसऱ्या भेटीत लक्षात आले. ज्या शाईत लाख असते ती एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही. तिच्यावर कितीही ओला पांढरा फिरवला तरी ती जागची हलत नाही आणि नीट झाकली जाते. दुसऱ्या प्रकारची शाई वाळल्यावरही पाणी लागताच पुन्हा सुटते. तिच्यावर ओला थर दिला की ती त्या थरात वर चढते आणि पांढऱ्यात करडा, किंचित तपकिरी डाग उमटतो. आणखी एक थर दिला तर डाग फिका होतो, पण बहुधा नाहीसा होत नाही. चित्रकलेच्या वर्गात हा दोष मानला जातो आणि तो कसा टाळावा हे शिकवले जाते. येथे तोच दोष चित्राचा विषय झाला आहे, कारण जे पुरले ते वर येते आहे.

क्रमांक १४ हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. पहिल्या भेटीत छतावरच्या दिव्यांच्या सपाट उजेडात मला त्यात फक्त मळकट पांढरा आयत आणि खालच्या तिसऱ्या भागात एक डाग दिसला होता. दुसऱ्यांदा मी सकाळी गेलो तेव्हा खिडकीतून तिरपा उजेड पडला होता आणि पांढऱ्याखालचे सगळे उठाव वर आले होते: आडव्या, एकमेकींना समांतर नसलेल्या आठ-दहा कडा, मधेच तुटलेल्या, आणि त्यांच्या बुंध्याशी तो डाग. त्या फासळ्या आहेत असे मी म्हणणार नाही, कारण चित्र तसे म्हणत नाही. जखमेवर बांधलेल्या पट्टीतून रक्त उमटते तेव्हा जखम दिसत नाही, आणि ती केवढी असेल हे ठरवण्याचे काम पाहणाऱ्याच्या मनावर येऊन पडते. या चित्रातली भीती त्या जातीची आहे. मी त्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. माझ्यामागे येऊन गेलेल्या दोघांनी मात्र ते अपुरे राहिलेले चित्र समजून टाळले, आणि त्या उजेडाअभावी मीही पहिल्यांदा तेच केले होते.

१४ ते १९ ही सहा चित्रे याच रीतीने केलेली आहेत आणि माझ्या मते मालिकेचे खरे मूल्य त्यांत आहे. क्रमांक १६ मध्ये ॲक्रिलिकचा पापुद्रा वाळल्यानंतर त्यावर पुन्हा शाई टाकलेली आहे. गुळगुळीत पापुद्र्यात शाई शिरत नाही, ती आकसून थेंब-थेंब होते, आणि त्यातून उघड्या रोमरंध्रांसारखा पोत तयार झाला आहे. तो हाताने रेखाटला असता तर किळसवाणा आणि खोटा वाटला असता. क्रमांक १८ मध्ये जवळजवळ काहीच नाही: पांढऱ्याच्या उजव्या कडेला एक काळी, जाड, चकचकीत पट्टी, दार किंचित उघडे राहावे तशी. मागे साधनांत 'बोन ब्लॅक' असे लिहिले आहे. हा काळा रंग जनावरांची हाडे बंद भांड्यात जाळून करतात. बाजारात आज जो 'आयव्हरी ब्लॅक' मिळतो तोही हस्तिदंताचा नसून बहुधा हाच असतो. अस्थींविषयीच्या चित्रात अस्थींचीच काजळी वापरली आहे ही गोष्ट चित्रकर्तीने कोठेही मिरवलेली नाही, ती फक्त मागे नोंदवली आहे, आणि हा संयम मला आवडला. (रंगांचा इतिहास या बाबतीत चित्रांहून अधिक भेसूर आहे. एके काळी इजिप्तमधील ममी दळून तपकिरी रंग बनवत असत. आपल्याजवळचा तो रंग नावापुरता नव्हे, खरोखरच ममीचा आहे हे कळल्यावर एडवर्ड बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराने त्याची नळी बागेत पुरली होती.)

आता मालिकेच्या सुरुवातीकडे. क्रमांक १ ते ६ या चित्रांत कवट्या आहेत, स्पष्ट, समोरून पाहिलेल्या, डोळ्यांच्या खोबणीत शाईचे ओघळ सोडलेल्या. हात तयार आहे यात शंका नाही. पातळ शाईच्या एका फटकाऱ्यात गालाच्या हाडाची उतरण दाखवणे सोपे नसते. पण ही चित्रे आपले म्हणणे पहिल्या क्षणीच सांगून मोकळी होतात. आपल्याकडे भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स हे दोन रस निराळे ठेवले, एकाचा स्थायी भाव भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा म्हणजे किळस, आणि त्यांना वर्णही निराळे दिले: भयानकाला काळा, बीभत्साला निळा. हा भेद पाठ्यपुस्तकातला वाटतो, पण या चित्रांपुढे तो फार उपयोगी पडतो. भय पुढे काय होणार याचे असते. जुगुप्सा समोर जे आहे त्याची. कवटीच्या बाबतीत पुढे होण्यासारखे काही उरलेलेच नसते, आणि नुसती कोरडी कवटी जुगुप्साही उत्पन्न करत नाही. त्यामुळे ही सहा चित्रे दोन्ही रसांच्या मधल्या जागेत, म्हणजे केवळ अलंकरणात, अडकतात. कवटी जुनी झाली म्हणून वापरू नये असे मुळीच नाही. हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराने १५३३ मधील आपल्या 'राजदूत' या चित्रात दोन रुबाबदार पुरुषांच्या पायाशी एक लांबट, तिरपा, न कळणारा आकार काढला, आणि चित्राच्या बाजूला जाऊन तिरक्या नजरेने पाहिल्याशिवाय ती कवटी आहे हे समजत नाही. ज्या कोनातून ती कळते, त्या कोनातून ते राजदूत मात्र धड दिसत नाहीत. कवटीला असे काहीतरी करायला लावले पाहिजे; या सहा चित्रांत ती नुसती बसून राहते.

क्रमांक ७, ८ आणि ११ ते १३ या पाच चित्रांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत आधी टाकाने काही मजकूर लिहिलेला आहे, मग तो खोडला आहे, आणि ती खाडाखोड वाढत-वाढत एखाद्या प्राण्यासारख्या, चोच आणि मणके असलेल्या आकारात गेली आहे. येथे रवींद्रनाथ ठाकुरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२४च्या सुमारास कवितांच्या हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता-जोडता त्यांच्या कागदावर विचित्र जीव जन्माला येऊ लागले, आणि वयाच्या साठीनंतर गांभीर्याने चित्रे काढू लागलेल्या या कवीचे पहिले प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला झाले. त्यांच्या त्या जीवांत एक उदास विनोद असतो, आणि खाली खोडलेला शब्द खरोखरच नको असलेला शब्द असतो. या पाच चित्रांत मला त्याचीच शंका येते. येथे मजकूर खोडण्यासाठीच लिहिला आहे असे वाटत राहते. अक्षरे सुबक आहेत, ओळी सरळ आहेत, कोठेही विचार बदलल्याची खूण नाही. अपवाद क्रमांक १२ चा. त्यात एका ओळीतले दोनच शब्द खोडायचे राहिले आहेत, ते उलटे आहेत, आणि कागद उलटा धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. चौकटीत बसवलेले चित्र उलटे धरण्याची सोय नसल्यामुळे ते मी वाचलेले नाहीत, आणि ते न वाचल्यामुळे चित्र मनातून जात नाही.

क्रमांक ९ आणि १० ही जोडी आहे. एका कागदावर शाई ओतून ती ओली असतानाच दुसरा कागद त्यावर दाबला आणि उचलला, अशा रीतीने दोन्ही झाली आहेत, म्हणून एक दुसऱ्याचे आरशातले रूप आहे. दाबून उचललेल्या शाईत जी झाडाच्या मुळांसारखी जाळी उमटते ती कोणाच्याही हातून उमटते, त्यात कौतुक करण्यासारखे फार नाही. घडी घालून उमटवलेल्या डागांत सारखेपणा आला की माणसाला त्यात चेहरे, वटवाघळे, कमरेची हाडे दिसू लागतात हेही जुनेच आहे. हेरमान रोर्शाख या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेले शाईच्या डागांचे १० तक्ते त्यामुळेच इतके सर्वपरिचित झाले. चित्रकर्तीचे कौशल्य तिने यापुढे जे केले त्यात आहे. तिने दोन्ही कागद एकाच घडीचे दोन पंख म्हणून मांडले नाहीत. प्रत्येकावर स्वतंत्रपणे पांढऱ्या ॲक्रिलिकने काम केले. क्रमांक ९ मध्ये वरचा अर्धा भाग गाडला आहे, १० मध्ये खालचा. त्यामुळे एकात जे झाकले आहे ते दुसऱ्यात उलट्या रूपात उघडे आहे, आणि शेजारी उभे राहून पाहताना नजर एकसारखी इकडून तिकडे ये-जा करते, जणू एकाच माणसाविषयी दोन साक्षीदार अर्धी-अर्धी हकिगत सांगत आहेत आणि त्या हकिगती नीट जुळत नाहीत. १० च्या उघड्या भागात, मानेच्या जागी, लाल रंगाचा एकच बारीक ओरखडा आहे. संपूर्ण मालिकेत लाल रंग इतक्या काटकसरीने आणि इतक्या अचूक जागी दुसरीकडे कोठेही आलेला नाही.

कॅनव्हासवरील ७ चित्रांविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरे. कॅनव्हासवर आधी गेसोचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या अस्तराचा, लेप असतो, शाई त्यात कागदात उतरते तशी उतरत नाही, आणि म्हणून मालिकेचा सारा व्यवहारच येथे थांबतो: गाडायला खाली काही नाही, वर यायलाही काही नाही. त्याची भरपाई आकाराने, जाड थरांनी आणि वरून खाली सोडलेल्या काळ्या ओघळांनी केली आहे. ओघळ हे दुःखाचे चिन्ह म्हणून आता इतके वापरून झाले आहेत की ते पाहून फक्त चित्र उभे धरून रंगवले होते एवढेच कळते. क्रमांक २३ मधील निळा पट्टा तेवढा लक्षात राहतो. काळ्याकडे झुकणारा तो निळा कुजण्याची आठवण करून देतो, आणि बीभत्साला निळा वर्ण का दिला असेल हे मला त्यापुढे उभे असताना पहिल्यांदाच पटले.

शीर्षके नसण्याविषयी पाहणाऱ्यांनी तक्रार केल्याचे मी ऐकले. मला ती मान्य नाही. फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराने १८१९ ते १८२३ या काळात आपल्या घराच्या भिंतींवर जी १४ काळी चित्रे रंगवली त्यांना त्याने नावे दिली नव्हती. आज प्रचलित असलेली नावे इतरांनी नंतर दिली, आणि त्यांतल्या काही नावांनी चित्रांचा अर्थ फार लवकर ठरवून टाकला. आमचे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनाही आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेले रुचत नसे. प्रस्तुत चित्रकर्तीने मौन पाळले हे योग्यच केले, पण मग दारापाशी लावलेले तीन परिच्छेदांचे निवेदन कशासाठी? त्यात मृत्यू, स्मृती आणि काळ हे तिन्ही शब्द पहिल्याच वाक्यात येतात. ते काढून टाकावे आणि त्या जागी चित्रे तिरप्या उजेडात पाहावीत एवढी एक ओळ लिहावी. मांडणीतील मुख्य चूकही उजेडाचीच आहे: ज्या सहा चित्रांचा प्राण पृष्ठभागाच्या चढउतारात आहे ती सर्वांत सपाट दिव्यांखाली लावली आहेत, आणि कवट्यांवर मात्र बाजूचे दिवे सोडले आहेत.

विकत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. मूळ चित्रांबरोबर छापील प्रतीही विक्रीस ठेवल्या आहेत. कवट्यांच्या प्रती चांगल्या उतरल्या आहेत, पण १४ ते १९ च्या प्रती घेऊ नयेत, कारण छपाईत पांढरा म्हणजे कोरा कागद होतो आणि त्याखालचे सर्व काही नाहीसे होते. दुसरे म्हणजे, मागच्या नोंदीत पुन्हा विरघळणाऱ्या शाईसमोर नुसते 'शाई' लिहिले आहे. ती काजळीची असेल तर काळजी नाही. विद्राव्य रंगाची, म्हणजे कणांऐवजी पाण्यात पुरता विरघळलेल्या रंगाची, असेल तर उन्हात फिकी होत जाईल, आणि ज्या डागावर सारे चित्र उभे आहे तोच काही वर्षांत उडून जाईल. घेणाऱ्याने हे विचारून घ्यावे. मी विचारले तेव्हा तिने तत्परतेने आणि प्रामाणिकपणे उत्तर दिले की सुरुवातीच्या काही चित्रांत विद्राव्य रंगाची शाई आहे आणि १४ पासून पुढे सर्वत्र काजळीची. एवढी माहिती मागे लिहायला दोन शब्द पुरतील. काच लावायची असल्यास काच आणि चित्र यांत अंतर राहील अशी चौकट करावी. ॲक्रिलिकचा पापुद्रा उष्णतेने मऊ होतो आणि जे टेकलेले असेल त्याला चिकटतो. फार थंडीत तोच ठिसूळ होतो, म्हणून गुंडाळी करून चित्र पाठवू देऊ नये.

हे मी पुस्तकी माहिती म्हणून सांगत नाही. मी क्रमांक ९ घेतले. चित्रकर्तीने ते न चिकटणाऱ्या कागदात गुंडाळून दिले होते, परंतु पोचवणाऱ्या मंडळींनी, बहुधा अधिक काळजी म्हणून, तो कागद काढून हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक थेट चित्रावर बांधले, आणि वाटेतल्या उष्णतेत त्या फुग्यांचे ठसे डाव्या खालच्या कोपऱ्यात, जेथे पांढऱ्याचे उरलेसुरले थर आहेत तेथे, कायमचे उमटले: मसुराएवढी, किंचित चकाकणारी अकरा वर्तुळे. भरपाईबद्दलचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. चित्रकर्तीने तो भाग दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवली, ती मी घेतली नाही, कारण आणखी एक ओला थर दिला की खालची शाई नव्याने वर येणार आणि चित्र वेगळेच होणार. घरी आलेल्या तिघांनी आजवर त्या वर्तुळांचे खास कौतुक केले आहे.

माझी खरी चुटपुट दुसरीच आहे. ९ आणि १० या दोन चित्रांची किंमत स्वतंत्र लावली होती आणि ती स्वतंत्रच विकली जात होती. ती एकत्रच द्यावीत असे मी चित्रकर्तीला कळवले, तेव्हा १० त्याआधीच कोणीतरी नेलेले होते. माझ्याकडे आता खालचा अर्धा भाग आहे, आणि त्यात मान नाही.